लांब पल्ल्याची शिकार : शक्य काय आणि योग्य काय?

वाचकहो, धम्मविचाराला वाहिलेल्या पाक्षिकात बंदुकीच्या काडतुसांची चर्चा कशाला, असा प्रश्न आपल्या मनात येईल. तो येणे स्वाभाविक आहे. आपल्यापैकी फारच थोड्यांनी रायफल हातात धरली असेल. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांनी आपल्या देशातील हौसेची शिकार बंद केली, आणि ते योग्यच झाले. मग अमेरिकेतला एखादा शिकारी किती वारांवरून हरिण मारतो, जुन्या काडतुसाने मारतो की नव्या, याच्याशी आपला संबंध काय?

संबंध आहे. प्रश्न वरवर बंदुकीचा दिसतो. मुळात तो शीलाचा आहे. एखादी गोष्ट करता येते, एवढ्यावरून ती करावी असे ठरते काय? ज्याला आपल्या कृत्याची झळ पोहोचते तो जीव आपल्यापासून जितका दूर, तितकी आपली जबाबदारी कमी होते काय? हे दोन प्रश्न बंदूकवाल्यापुरते नाहीत. परंतु बंदुकीच्या उदाहरणात ते इतके उघडे पडतात, आणि वार, इंच, सेकंद यांच्या मापात इतके अचूक मोजता येतात, की विचाराची सुरुवात तेथून करणे सोयीचे आहे.

वाद कशाचा आहे?

अमेरिकेत शिकार कायदेशीर आहे, आणि जुन्या काडतुसांवर प्रेम करणारे शिकारी तेथे पुष्कळ आहेत. ‘.४५-७०’ हे काडतूस अमेरिकन सैन्याने १८७३ साली स्वीकारले. पंचेचाळीस शतांश इंच व्यासाची जाड शिशाची गोळी आणि तिच्यामागे सत्तर ग्रेन काळी दारू, असा त्या नावाचा अर्थ. ‘.३०-३०’ हे १८९५ चे, बिनधुराच्या दारूचे. ‘.३०-०६’ हे १९०६ चे; त्यातला शेवटचा आकडा सालाचाच आहे. ही तिन्ही काडतुसे आजही बनतात, विकली जातात आणि हरणे मारतात.

अलीकडच्या काळात तेथे लांब पल्ल्याच्या शिकारीचे वेड पसरले आहे. लेझरने अंतर मोजणारे यंत्र, अंतराप्रमाणे फिरवून नेम बसवता येणारी दुर्बीण आणि गोळी किती खाली येईल ते क्षणात सांगणारे गणकयंत्र हाताशी असल्याने पाचशे, सातशे, हजार वारांवरून जनावर पाडल्याच्या फुशारक्या ऐकू येतात. त्यासाठी ‘६.५ क्रीडमूर’ (२००७) यासारखी नवी काडतुसे लोकप्रिय झाली. मग जुन्यांचा अभिमानी विचारतो : हीच यंत्रे माझ्या आजोबांच्या रायफलीवर बसवली, तर तीही तेवढ्या अंतरावरून शिकार का करणार नाही?

गोळी पोहोचण्याचाच प्रश्न असेल, तर त्याचे उत्तर फार पूर्वी मिळाले आहे. १८७९ साली न्यू जर्सीतील सँडी हूक येथे अमेरिकन सैन्याने ‘.४५-७०’ च्या गोळ्या ३,५०० वारांपर्यंत झाडून पाहिल्या. गोळी तेथवर पोहोचत होती. पण पोहोचणे वेगळे, ठरवलेल्या जागी पोहोचणे वेगळे, आणि तेथे पोहोचून जीवाला तडफडू न देता मारणे त्याहून वेगळे. या तीन गोष्टींची गल्लत झाली की माणूस ‘शक्य’ आणि ‘योग्य’ यांतला फरक विसरतो.

गणित काय सांगते?

हरणाचे हृदय व फुप्फुसे मिळून होणारी जागा साधारण आठ ते दहा इंच व्यासाची असते. घरातील जेवणाची ताटली समोर धरा. तेवढीच ती जागा. गोळी त्यात बसली तर जनावर थोड्याच वेळात मरते. ती पोटात, जबड्यात किंवा पायावर बसली तर ते पळते, आणि कित्येक तास, कधी कित्येक दिवस मरत राहते.

आता गोळीचा मार्ग पाहा. कोणतीही गोळी नळीतून निघाल्या क्षणापासून खाली येत असते. ‘.४५-७०’ च्या मूळ बेताच्या काडतुसाचा नेम शंभर वारांवर बांधला, तर दोनशे वारांवर गोळी सुमारे दोन फूट खाली जाते आणि तीनशे वारांवर साडेसहा फूट. अंतर नेमके ठाऊक असेल तर नेम तेवढा वर धरता येतो, हे खरे. परंतु जनावर दोनशे वारांवर आहे असे समजून बार काढला आणि ते अडीचशेवर निघाले, तर गोळी सुमारे दीड फूट खाली जाईल, म्हणजे छातीऐवजी पायावर बसेल. लेझरचे यंत्र ही एक चूक टाळते. जुन्या काडतुसाला नव्या यंत्राचा खरा फायदा होतो तो एवढाच.

वाऱ्याचे तसे नाही. झाडाची पाने सतत हलती ठेवील एवढा, ताशी दहा मैलांचा आडवा वारा घ्या. तो ‘.३०-३०’ च्या जड गोळीला दोनशे वारांवर सुमारे आठ इंच बाजूला ढकलतो. ‘.३०-०६’ ला तो पाचशे वारांवर दीड फुटाहून अधिक ढकलतो आणि ‘.४५-७०’ ला तीनशे वारांवरच जवळजवळ दोन फूट. हा वारा शिकाऱ्याच्या गालाला लागतो तसाच मधल्या दरीत आणि पलीकडच्या उतारावर वाहत असेल, असे सांगता येत नाही. दऱ्याखोऱ्यांत तो जागोजागी दिशा बदलतो. शिकाऱ्याच्या हातातील यंत्र त्याच्या जागेवरचा वारा मोजते. वाटेतल्या वाऱ्याचा त्याला अंदाजच करावा लागतो.

तिसरी गोष्ट वेळेची. ‘.४५-७०’ च्या गोळीला तीनशे वार जायला सुमारे आठ दशांश सेकंद लागतात, ‘.३०-०६’ ला पाचशे वारांसाठी सुमारे दोन-तृतीयांश सेकंद. नवे काडतूसही हजार वारांना दीड सेकंदाच्या आसपास घेते. चरणाऱ्या हरणाने पुढचे पाऊल टाकायला एवढा वेळ पुरेसा आहे. चाप ओढला त्या क्षणी नेम अचूक होता, आणि गोळी पोहोचली तेव्हा छातीच्या जागी पोट आले होते. यात नेमबाजाचे कौशल्य कमी पडले नाही. त्या जीवाने हालचाल केली, एवढेच. आणि हालचाल करणार नाही असे वचन त्याने कोणाला दिलेले नव्हते. या अडचणीवर कोणत्याही यंत्राकडे उपाय नाही, मग काडतूस १८७३ चे असो वा कालचे.

म्हणूनच अनुभवी शिकारी ‘.३०-३०’ साठी दीडशे वार, फार तर दोनशे, आणि ‘.३०-०६’ साठी तीनशे, चांगला सराव असल्यास चारशे, अशी मर्यादा मानत आले. जुने काडतूस आपली मर्यादा लपवीत नाही. त्याची गोळी इतकी खाली येते की हाती धरणाऱ्याला जनावराच्या जवळ जाणे भागच पडते. नव्या साधनांनी ही मर्यादा दूर ढकलली, परंतु नाहीशी केली नाही; ती नाहीशी झाल्याचा भास मात्र निर्माण केला.

दमदमची गोळी

या प्रश्नाचा एक धागा आपल्या देशातून जातो. कलकत्त्याजवळ दमदम येथे इंग्रजांचा दारूगोळ्याचा कारखाना होता. ‘.३०३’ ची पूर्ण धातूने मढवलेली गोळी सरहद्दीवरच्या टोळीवाल्याच्या अंगातून आरपार जाते आणि तो धावत येतच राहतो, अशी इंग्रज अधिकाऱ्यांची तक्रार होती. तेव्हा १८९० नंतरच्या दशकात दमदमला मऊ टोकाची, अंगात शिरताच फुलणारी गोळी तयार झाली. तिने होणाऱ्या भयंकर जखमांवरून युरोपात ओरड झाली, आणि १८९९ च्या हेग परिषदेत अशा गोळ्या युद्धात वापरू नयेत अशी घोषणा करण्यात आली.

आता गंमत पाहा. जी गोळी माणसावर झाडणे क्रौर्य ठरले, तीच हरणावर झाडणे दयेचे मानले जाते. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत मोठ्या जनावरासाठी फुलणारी गोळीच वापरावी असा दंडक किंवा रिवाज आहे. यात विसंगती नाही. युद्धात शत्रूला लढण्यास असमर्थ करणे पुरेसे मानले. शिकारीत जनावर मरणारच आहे, तर ते लवकर मरावे. म्हणजे दोन्ही ठिकाणी कसोटी एकच : अनावश्यक वेदना टाळणे.

परंतु ही दया वेगावर अवलंबून आहे. सर्वसाधारण मऊ टोकाच्या गोळीला नीट फुलण्यासाठी सेकंदाला अठराशे फुटांच्या आसपास वेग लागतो. ‘.३०-०६’ ची गोळी पाचशे वारांवर त्याच सीमेवर येते. ‘.३०-३०’ ची गोळी दोनशे वारांवरच सेकंदाला सोळाशे फुटांवर येते. तिचे टोक मुद्दाम अधिक मऊ ठेवलेले असते म्हणून तेथवर ती काम देते, पण तीनशे वारांवर वेग चौदाशेच्या खाली जातो आणि भरवसा संपतो. न फुललेली गोळी बारीक भोक पाडून निघून जाते. रक्त थोडे सांडते, माग लागत नाही, आणि जनावर झुडपात जाऊन एकटे मरते. लांबच्या पल्ल्यासाठी कमी वेगावर फुलणाऱ्या खास गोळ्या आता मिळतात. परंतु त्यांनाही वेगाची खालची मर्यादा आहेच, आणि जुने काडतूस ती आधी गाठते.

याहूनही गंभीर बाब पुढे आहे. फुप्फुसात गोळी लागलेले हरिणही पुष्कळदा पन्नास-शंभर वार धावते. साठ वारांवरचा शिकारी ते पाहतो, आवाज ऐकतो, जागा ओळखतो आणि मागावर जातो. सहाशे वारांवरून, दरीच्या पलीकडून बार काढणाऱ्याला जनावर फक्त पळताना दिसते. गोळी चुकली की लागली, हे त्याला कळत नाही. पलीकडे पोहोचायला अर्धा तास जातो. पोहोचल्यावर ते नेमके कोठे उभे होते ते सापडत नाही. मग “चुकली” असे म्हणणे सोपे पडते. आपण काय केले हे जाणून घेण्याची संधीच अंतर हिरावून घेते, आणि जे कळलेच नाही त्याचे मनाला ओझेही होत नाही. लांब पल्ल्याच्या शिकारीतील खरा नैतिक दोष येथे आहे.

ज्या बाराची कीर्ती गातात

लांबच्या नेमाची गोष्ट निघाली की तेथील लोक बिली डिक्सनचे नाव घेतात. जून १८७४ मध्ये टेक्सासमधील अडोबी वॉल्स येथे त्याने शार्प्स रायफलीने, पुढे १,५३८ वार मोजल्या गेलेल्या अंतरावर, एक बार अचूक लावला. ती गोळी नशिबाने लागली, असे तो स्वतः मानत असे. त्याच्या चाहत्यांना मात्र हा प्रामाणिकपणा आठवत नाही.

आणि निशाणावर कोण होते? घोड्यावर बसलेला एक आदिवासी योद्धा. कोमांची, कायोवा, शायेन या जमातींचे लोक तेथे लढत होते, कारण १८६७ च्या मेडिसिन लॉज तहानंतर आपल्या शिकारीसाठी राहिलेल्या प्रदेशात गोरे शिकारी शिरून बायसन कापून काढत होते. हे शिकारी दोन-तीनशे वारांवर ठाण मांडून बसत, कळपाची पुढारी गाय आधी पाडत, आणि गोंधळलेला कळप जागेवर उभा राहिला की एकामागून एक जनावर टिपत. कातडी सोलून घेत. मांस बहुधा तेथेच कुजत पडे. कोट्यवधींनी मोजले जाणारे बायसन १८८९ च्या सुमारास हजार-अकराशेवर आले, आणि त्यांच्यावर जगणाऱ्या जमाती उपाशी पडून शरण आल्या. ज्या रायफलींच्या लांब पल्ल्याचे आज कौतुक होते, त्यांच्या कीर्तीच्या पोटात हा इतिहास आहे. त्याचा दोष निर्जीव काडतुसाला देता येत नाही. मात्र दूरवरून मारता येते म्हणून मारत सुटलेला माणूस कोठवर जातो, हे त्यावरून दिसते.

तीन आक्षेप

लांब पल्ल्याचे समर्थक मूर्ख नाहीत. त्यांच्या बाजूचाही विचार केला पाहिजे.

पहिला आक्षेप : “आम्ही वर्षभर सराव करतो. आमचा पाचशे वारांवरचा नेम, सराव न करणाऱ्याच्या शंभर वारांवरच्या नेमापेक्षा चांगला आहे.” हे अर्धे खरे आहे. बेफिकीर माणूस ऐंशी वारांवरही दोषी ठरतो. म्हणून अमुक वारांपर्यंत पुण्य आणि पुढे पाप, अशी रेघ ओढता येत नाही. परंतु सराव हाताची चूक कमी करतो. वाटेतला वारा आणि जनावराचे पाऊल सरावाच्या ताब्यात नाही. जे आपल्या ताब्यात नाही त्यावर दुसऱ्याच्या जीवाची पैज लावणे, हे कौशल्याच्या नावाखाली चालणार नाही.

दुसरा आक्षेप : “निसर्ग याहून क्रूर आहे. लांडगा जिवंत हरिण फाडतो, हिवाळा त्याला उपाशी मारतो.” खरे आहे. पण लांडग्याला पर्याय नाही. जवळ जावे की दुरून मारावे, मारावे की परत फिरावे, ही निवड माणसापुढे आहे. आणि निवड आहे तेथेच शीलाचा प्रश्न सुरू होतो.

तिसरा आक्षेप : “तुम्ही मांस खाता, मग शिकाऱ्याला बोलण्याचा अधिकार काय?” या आक्षेपाला बिचकण्याचे कारण नाही. मांस खाणारा अपवित्र आणि न खाणारा पवित्र, ही सोवळ्याची भाषा आपली नाही, आणि हा लेखही शाकाहाराचा उपदेश करण्यासाठी नाही. अलास्कात आणि कॅनडाच्या उत्तरेस जेथे शेती पिकत नाही, तेथील माणसाचे पोट शिकारीवर भरते, आणि त्यांच्यातील कित्येकांनी पिढ्यान्‌पिढ्या जुन्या ‘.३०३’ रायफलीच वापरल्या. पोटासाठी मारणाऱ्याला जखमी होऊन पळालेले जनावर परवडत नाही. तो दबकत जवळ जातो, खात्री करतो, आणि खात्री नसेल तर काडतूस राखून ठेवतो. त्याच्या शिकारीला गरजेचे बंधन आहे. विक्रमासाठी दूर उभे राहणाऱ्याला ते नाही.

कसोटी कोणती?

बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात जीवहत्येची आवश्यकता आणि जीवहत्येची इच्छा यांत भेद केला आहे, आणि अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे, हे सांगितले आहे. नियम आज्ञा देतो आणि विचार थांबवतो; तत्त्व विचार करायला लावते. आपल्या प्रश्नाला हा भेद तंतोतंत लागू पडतो. “तीनशे वारांपुढे बार काढू नये” हा नियम झाला. तो एखाद्या दिवशी फार सैल ठरेल, एखाद्या दिवशी फार कडक. “जेथे आपल्याला खात्री नाही तेथे दुसऱ्याच्या शरीरावर प्रयोग करू नये” हे तत्त्व झाले, आणि ते ऐंशी वारांवरही लागू आहे.

आश्चर्य असे की अमेरिकेतील विचारी शिकारीही याच ठिकाणी येऊन पोहोचले. थिओडोर रूझवेल्ट आणि जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी १८८७ साली स्थापन केलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने लांब पल्ल्याच्या नेमबाजीबद्दल आपली भूमिका जाहीर केली. तिचा सारांश असा की, प्रश्न ठराविक वारांचा नसून हेतूचा आहे. आपले साधन किती दूर मारते हे पाहण्यासाठीच जिवंत प्राण्यावर गोळी झाडायची असेल, तर त्याला शिकार म्हणता येणार नाही. धम्मात ज्याला चेतना म्हणतात, कर्माच्या मुळाशी असलेला तो हेतू, त्याच्याकडेच हे बोट आहे. ज्याला आपला नेम पाहायचा आहे त्याच्यासाठी लोखंडी पाटी आहे. ती हजार वारांवर लावा, जुन्या रायफलीने मारा, वाऱ्याशी झुंज द्या. त्या खेळात कौशल्य आहे, आनंद आहे, आणि चुकलेल्या गोळीने कोणाचा जबडा तुटत नाही.

आपल्या दाराशी

वाचकहो, आता अमेरिका सोडून आपल्या शिवारात या. रानडुकरे आणि नीलगायी उभे पीक एका रात्रीत आडवे करतात. ज्याचे सोयाबीन वा तूर गेली त्याचा संताप खरा आहे, आणि मालमत्तेला, उभ्या पिकालाही, धोका असेल तर वन्यजीव कायद्याच्या अकराव्या कलमात परवानगीची तरतूद आहे. तेथे गरज आहे. अशा कामासाठी अजूनही बहुधा ‘.३१५’ च्या परवानाधारक रायफली बाहेर निघतात. तेही एकोणिसाव्या शतकातले ऑस्ट्रियन काडतूस, लष्करी ‘.३०३’ नागरिकांना मना होते म्हणून येथे रुजले. जो गरजेपोटी ते वापरील, त्याने जवळ जाऊन, खात्री करून, एका गोळीत काम संपवावे. जखमी डुकराला रानात सोडून घरी येऊ नये.

पण काही ठिकाणी शेतकरी कुंपणाच्या तारेत वीज सोडून घरी झोपी जातो. रात्री त्या तारेला डुक्कर लागते, कधी वाघ लागतो, कधी शेजारच्या शेतात पाणी द्यायला निघालेला माणूस लागतो. तार लावणारा तेथे नसतो. त्याने कोणाला पाहिलेले नसते, कोणाचा आवाज ऐकलेला नसतो. सहाशे वारांवरून बार काढणारा आणि हा, यांच्यात साधनाचा फरक आहे. आपल्या कृत्याकडे पाठ फिरवण्यात फरक नाही. गरज खरी असली तरी ती आपल्याला डोळे मिटण्याचा परवाना देत नाही.

सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखात सांगितले आहे की, पूर्वीचे राजे विहारयात्रांना निघत आणि त्यांत शिकार व तत्सम करमणुकी होत. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर अशोक संबोधीच्या स्थानी गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या. श्रमण-ब्राह्मणांची व वृद्धांची भेट, दान, आणि खेड्यापाड्यांतील जनतेला भेटून तिच्याशी धम्माविषयी बोलणे, असे त्यांचे स्वरूप होते. या लेखाचा एक तुकडा आपल्याच सोपाऱ्याला १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांना सापडला. राजा पूर्वीही घराबाहेर पडत होता, नंतरही पडत राहिला. पूर्वी तो जीव टिपायला जाई. नंतर माणसांजवळ जाऊन त्यांची विचारपूस करू लागला.

आपल्यापैकी कोणी उद्या रायफल उचलणार नाही. पण ज्याचा परिणाम दूरच्या कोणावर तरी होणार आहे असे काहीतरी आपण रोज करतो. ते करण्यापूर्वी दोन प्रश्न स्वतःला विचारावेत : याची गरज आहे काय? आणि जे घडेल ते जवळ जाऊन पाहण्याची माझी तयारी आहे काय? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर चापावरचे बोट काढून घ्यावे.